दारू सोडतानाचे पहिले पाच दिवस: घरी राहून उपचार घेणारा पेशंट आणि त्याची नर्स

वृंदा_सिस्टर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मी अकरा वर्षं व्यसनमुक्तीच्या ओपीडीत नर्स आहे. मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "दारू सोडायला मनाचा निर्धार लागतो, बाकी काही नाही." त्याखाली अनुमोदनांची रांग लागली होती. ते वाचल्यापासून मला चैन नाही. हा सल्ला मानून कुणी पंधरा-वीस वर्षांचं रोजचं पिणं एका सकाळी तोडलं, तर तिसऱ्या दिवशी त्याची काय अवस्था होऊ शकते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निर्धार हवाच, पण निर्धाराने आकडी थांबत नाही.

आधी शरीरात काय होतं ते सांगते. मेंदूला शांत ठेवणारं एक रसायन आहे, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचं काम वाढवते आणि ग्लुटामेटचं दाबते. रोज हेच चाललं की मेंदू उलट बाजूने जोर लावायला शिकतो. दाराला कुणी बाहेरून रेटतंय म्हणून आपण आतून खांदा लावून उभं राहावं, आणि बाहेरच्याने एकदम हात काढून घ्यावा, तसं दारू थांबल्यावर होतं. आतला माणूस तोंडावर आपटतो. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते.

याला वेळापत्रक असतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ तासांत थरथर, मळमळ आणि अस्वस्थपणा सुरू होतो. आकडी यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते. काहींना पहिल्या-दुसऱ्या दिवशी भास होतात, पण माणूस भानावर असतो. खरा धोका असतो ४८ ते ९६ तासांत. तेव्हा डीटी, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, सुरू होऊ शकतं. पेशंट कुठे आहे, दिवस की रात्र, समोर कोण, काही कळत नाही. ताप चढतो, नाडी धावते, आणि उपचार नसतील तर जीवही जातो.

घरचे लोक नेमके इथेच फसतात. दोन दिवस कसेबसे निघाले की "सुटला एकदाचा" म्हणून सगळे निर्धास्त होतात, आणि डीटीचा काळ त्यानंतर सुरू होतो.

आता चांगली गोष्ट. बहुतेकांचं विथड्रॉवल, म्हणजे दारू थांबल्यावरचा हा त्रास, इतकं टोकाला जात नाही. सौम्य ते मध्यम त्रास असलेला माणूस, नीट निवडलेला असेल तर, वॉर्डात दाखल न होता घरी राहून यातून बाहेर पडू शकतो. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात. पण पुढचे पाच दिवस रोज त्याच्याकडे बघणारं कुणीतरी लागतं. ते काम बहुतेक ठिकाणी नर्स करते आणि त्याबद्दल कुठे काही लिहिलेलं दिसत नाही. म्हणून हा धागा. प्रश्न विचारा, अनुभव लिहा. मी आहे इथेच.

---

अनिकेत_र

ताई, धागा वाचनखुणेत ठेवला. मला वाटायचं हात कापणं म्हणजे "तलफ". एक शंका आहे. रोज दोन पेग घेणाऱ्यालाही हे सगळं होतं का? आणि पेशंट किती पितो हे तुम्हाला कसं कळतं? खरं कोण सांगतं?

---

वृंदा_सिस्टर

अनिकेत, ज्याचं पिणं कमी आहे आणि ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला दारू लागत नाही, त्याला सहसा एवढा त्रास होत नाही. सकाळचा पहिला घोट कधी लागतो, हा प्रश्न म्हणूनच मी "किती पिता" याच्या आधी विचारते.

आणि खरं सांगतात लोक, विचारायची पद्धत हवी. "किती घेता?" म्हटलं की उत्तर येतं, "फार नाही." मी विचारते, "बाटली केवढी असते? ती किती दिवस पुरते? कालची कधी संपली?" मग मी कागदावर हिशेब मांडते. ४० टक्क्यांची १८० मिलिलिटर दारू म्हणजे जवळपास ५७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात १० ग्रॅमचं एक ड्रिंक. म्हणजे जवळजवळ सहा ड्रिंक झाली. पेशंट ते आकडे बघतो आणि बऱ्याचदा स्वतःच म्हणतो, "सिस्टर, लिहा, अजून एक राहिली."

मी तेव्हा मान वर करत नाही. लिहून घेते आणि पुढचा प्रश्न विचारते. चेहऱ्यावर धक्का दिसला की पुढचं उत्तर खोटं येतं.

---

डॉ_मानस

उत्तम धागा. जनरल प्रॅक्टिस करतो, त्यामुळे माझी भर.

घरी कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, सगळा खेळ त्या निवडीवर आहे. पूर्वी दारू सोडताना आकडी किंवा डीटी झालेलं असेल, तर घरी नाही. गर्भवती, लिव्हर किंवा हृदयाचा गंभीर आजार, डोक्याला मार, ताप, जीव देण्याचे विचार, झोपेच्या गोळ्यांचीही सवय, किंवा घरात लक्ष ठेवणारं कुणीच नाही, तरी घरी नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३० युनिटपेक्षा जास्त पिणाऱ्याला दाखल करण्याचा विचार करा असं आहे. त्यांचं युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे २४० ग्रॅम, म्हणजे ४० टक्क्यांची साधारण पाऊण लिटर.

घरून उपचार हे नवं खूळ नाही, हेही सांगतो. १९८९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम विथड्रॉवल असलेल्या १६४ पुरुषांचे दोन गट केले, एक ओपीडीतून आणि एक दाखल करून. ओपीडीवाल्यांचे उपचार सरासरी साडेसहा दिवसांत झाले, दाखल झालेल्यांना नऊ दिवसांहून थोडं जास्त लागलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. मात्र उपचार पूर्ण करणारे ओपीडीत ७२ टक्के होते आणि दाखल झालेल्यांत ९५ टक्के.

---

वृंदा_सिस्टर

डॉक्टर, ते ७२ आणि ९५ मधलं अंतर म्हणजेच आमचं काम. वॉर्डातला पेशंट सहसा उठून जात नाही. ओपीडीतला दुसऱ्या दिवशी येतच नाही. अकरा वाजेपर्यंत आला नाही की मी सव्वाअकराला फोन करते. तो उचलत नसेल तर ज्या नातेवाइकाचा नंबर पहिल्याच दिवशी, पेशंटच्या परवानगीने, लिहून घेतलेला असतो त्याला करते. हे कुठल्याही प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं नसतं.

---

रेवा

मी इथे फक्त वाचायला येते. आज लिहितेय.

माझ्या नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी दारू सोडायचं ठरवलं. आम्ही एका दवाखान्यात गेलो. तिथे त्याला चार समजुतीचे शब्द, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि "पंधरा दिवसांनी या" एवढं मिळालं. आकडी येऊ शकते हे मला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाथरूममध्ये पडला. अंग ताठ, डोळे वर, तोंडातून फेस. मला वाटलं गेला. शेजारच्यांच्या मदतीने हॉस्पिटलला नेलं. वाचला. आठवड्याने घरी आला आणि त्याच संध्याकाळी प्यायला लागला. म्हणाला, "सोडली तर मरतो, हे बघितलंस ना तू?"

मला त्याला काय उत्तर द्यावं ते आजपर्यंत सुचलेलं नाही. आणि मला राग येतो की एक वाक्य, एकच वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर.

---

वृंदा_सिस्टर

रेवाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमचा राग रास्त आहे. ते एक वाक्य सांगायची जबाबदारी आमच्या लोकांची होती.

आम्ही पहिल्या भेटीत ते वाक्य पेशंटला आणि सोबतच्या माणसाला, दोघांना समोरासमोर बसवून सांगतो. आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा, ॲम्ब्युलन्स बोलवा. मग सोबतच्या माणसाकडून परत म्हणवून घेते. "कळलं" यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण घाबरलेला माणूस सगळ्याला मान हलवतो.

आणि तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. *तशी* सोडली तर जिवावर बेततं. दुसऱ्या रीतीने सोडता येते, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

---

प्राजू_स्टाफ

वृंदाताई, मी नुकतीच या विभागात आले आहे. सीवा स्कोअर भरता येतो, पण मनात धाकधूक असते. मला ८ आला आणि सीनियरने त्याच पेशंटला १४ दिला. कोण बरोबर?

---

वृंदा_सिस्टर

प्राजू, बरं झालं विचारलंस. इतरांसाठी आधी सांगते. सीवा ही दहा मुद्द्यांची मोजणी आहे: मळमळ, थरथर, घाम, घालमेल, अस्वस्थ हालचाल, स्पर्शाचे, आवाजाचे आणि डोळ्यांना होणारे भास, डोकेदुखी, आणि भान. पहिल्या नऊंना प्रत्येकी ० ते ७ आणि भानाला ० ते ४, एकूण ६७. साधारण ८-१० च्या खाली सौम्य, १५ च्या वर गेला तर काळजीचं. पाच मिनिटांत होते. पण त्या पाच मिनिटांत काय करतेस त्यावर सगळं आहे.

मी कसं करते ते लिहिते. पेशंट आत येताना दाराची कडी कशी उघडतो ते आधी बघते. खुर्चीत बसला की दोन मिनिटं काहीच विचारत नाही, पाण्याचा ग्लास पुढे करते. ग्लास एका हाताने उचलतो की दोन्ही हातांनी, तोंडापर्यंत नेतो की तोंड खाली आणतो? मग "हात पुढे करा, बोटं पसरा." डोळ्यांना थरथर दिसली नाही तर माझ्या बोटांची टोकं त्याच्या बोटांच्या टोकांना टेकवते. न दिसणारी थरथर तिथे जाणवते, बारीक, फोन सायलेंटवर वाजल्यासारखी. तिला १ गुण. हात लांब केल्यावर मध्यम थरथर दिसली तर ४. हात मांडीवर असतानाही जोरात कापत असतील तर ७.

तळहात हातात घेतलाच आहे तर घाम कळतो. मग भास विचारायचे. "तुम्हाला भास होतात का?" असं थेट विचारलंस तर शंभरातले नव्वद नाही म्हणतील, कारण त्यांना वाटतं आपण वेडे ठरू. मी विचारते, "उजेड आज जास्त टोचतोय का? अंगावर मुंग्या चालल्यासारखं? कुणी हाक मारल्यासारखं वाटलं का रात्री?" "हो, मुंग्या येतात" म्हणताना काही जण बाही झटकतात. ते झटकणंही मी बघते.

तुझा ८ आणि तिचा १४ यात बहुधा वेळेचा फरक असेल. तू सकाळी नऊला पाहिलंस का? तिने दुपारी? मधल्या तासांत चढलं असेल तर ती फार महत्त्वाची बातमी आहे. एकच आकडा फारसं सांगत नाही, तो कुठल्या दिशेने निघालाय ते सांगतं. म्हणून शक्य असेल तर एका पेशंटला रोज त्याच नर्सने बघावं, रोज साधारण त्याच वेळी.

आणि एक गोष्ट लक्षात ठेव. सीवा हे निदान करायचं साधन नाही. घाम, थरथर, गोंधळ हे साखर उतरल्यावरही होतं, न्यूमोनियातही होतं. ज्याला नीट बोलता येत नाही किंवा ज्याचं भानच गेलंय त्याचा सीवा भरत बसायचा नसतो. त्याला वॉर्डात पाठवायचं.

---

मिलिंद७९

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. दारू सोडवायला ज्या गोळ्या देतात त्यांचीच सवय लागते असं ऐकलंय. माझ्या मित्राला डायझेपामची सवय लागली ती आजवर सुटली नाही. एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात टाकायचं यात काय अर्थ आहे?

---

डॉ_मानस

मिलिंदजी, प्रश्न योग्य आहे. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम या गटातल्या गोळ्यांची सवय लागू शकते. त्या लागतात कारण त्या गाबाचं सोडलेलं काम तात्पुरतं उचलतात आणि आकडी व डीटी टाळतात. लिव्हर खराब असेल तर आम्ही लोराझेपामसारखी निवडतो, तिचं विघटन लिव्हरला तुलनेने सोपं जातं. पण हा कोर्स आठवडा-दहा दिवसांचा असतो, रोज कमी होत जाणारा. तुमच्या मित्राचं बहुधा तो कोर्स बंद करायला कुणी नव्हतं म्हणून झालं. दहा दिवसांच्या गोळ्या एकदम हातात द्यायच्या आणि पुन्हा भेटायचंच नाही, हे चुकीचं आहे.

---

निशा_फार्मा

फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला +१. नाइसच्या त्याच सूचनांत आहे की एका वेळी दोन दिवसांपेक्षा जास्त गोळ्या पेशंटकडे देऊ नयेत आणि शक्यतो घरच्या माणसाने त्या द्याव्यात. आमच्याकडे या पेशंटच्या गोळ्या मोजून पाकिटात जातात, वर तारीख आणि वेळ लिहून.

नातेवाइकांनी लक्षात ठेवायची एक गोष्ट: या गोळ्यांवर दारू प्यायली, किंवा झोपेची दुसरी गोळी, किंवा अफूगटातली वेदनाशामकं घेतली, तर श्वास मंदावतो. "आज थोडी घेतलीय, आता गोळी देऊ का?" असा फोन आला तर मी सरळ सांगते, गोळी देऊ नका, आधी सिस्टरांना फोन करा.

---

वृंदा_सिस्टर

निशाताई, अगदी. म्हणून रोज आल्यावर आम्ही श्वासातल्या अल्कोहोलची चाचणी करतो. हे पकडण्यासाठी नसतं. गोळी सुरक्षित आहे का एवढंच बघायचं असतं. पेशंटला हे पहिल्याच दिवशी समजावलं की चाचणीचं भय जातं. घेतली असेल तर बहुतेक जण यंत्र तोंडाला लावायच्या आधीच सांगून टाकतात.

मिलिंददादा, राग कसला? तुमच्या मित्रासारखे पेशंट माझ्याकडेही येतात. गोळ्या किती लागतात हे किती बारकाईने बघितलं जातं त्यावरही अवलंबून असतं. १९९४ च्या एका अभ्यासात दाखल पेशंटना ठरावीक वेळी गोळी देण्याऐवजी नर्सने लक्षणं मोजून लागेल तेव्हाच दिली. त्यांना साधारण १०० मिलिग्रॅम क्लोरडायझेपॉक्साइड पुरलं. ठरावीक वेळापत्रकावरच्या लोकांना ४२५ लागलं. उपचार ६८ तासांऐवजी ९ तासांत आटोपले. घरी असलेल्या पेशंटला तासातासाला मोजायला कुणी नसतं, म्हणून तिथे ठरवून उतरता डोस हाच मार्ग सुरक्षित. पण तिथेही मी रोज बघते: पेंगतोय का, जीभ जड झालीय का, चालताना झोकांड्या जातात का. जास्त वाटलं तर डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घेते.

झोकांडीवरून आठवलं. थायमिन. फार जण याला साधं व्हिटॅमिन समजतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं बी-१ संपलेलं असतं आणि त्यातून वर्निकेचा आजार होतो: गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणं. तिन्ही एकदम दिसतील असं नाही. वेळेत थायमिन नाही दिलं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. नीट न जेवणाऱ्याला, वारंवार उलट्या होणाऱ्याला ते इंजेक्शनने द्यावं लागतं, आणि ग्लुकोज लावायचं असेल तर थायमिन त्याच्या आधी किंवा सोबत. म्हणून मी पेशंटला खोलीत चालायला लावते आणि माझ्या बोटामागे डोळे फिरवायला सांगते.

---

कौस्तुभ_ओ

मी सात वर्षं दारूशिवाय आहे. घरी राहूनच सोडली. डॉक्टरांचं नाव आता मला आठवत नाही, सिस्टरांचा आवाज आठवतो.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता मला वाटलं भिंतीतून माणसं बोलतायत. मला माहीत होतं की ती नाहीत, पण ऐकू येत होती. बायको घाबरली. सिस्टरांनी तिला एक कागद दिला होता, त्यावर तीन प्रश्न होते: आज कोणता वार, आपण कुठे आहोत, समोर कोण आहे. बायकोने विचारलं, मी तिन्ही बरोबर सांगितली. कागदावर खाली लिहिलं होतं, "उत्तरं बरोबर असली तरी फोन करा. चुकली तर वाट न पाहता हॉस्पिटल." तिने रात्रपाळीच्या नंबरवर फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं, तपासून डोस बदलला आणि सकाळपर्यंत थांबवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर एवढंच म्हणाल्या, "तुम्ही भिंतीतल्या माणसांबद्दल सांगितलंत, बरं केलंत." मला तोवर कुणी बरं केलंत म्हटलं नव्हतं. कित्येक वर्षांत.

---

अनिकेत_र

कौस्तुभ, लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

ताई, तुमच्या हातून कधी चूक झालीय का? नको असेल तर उत्तर देऊ नका.

---

वृंदा_सिस्टर

झालीय. सांगते, प्राजूने वाचावं म्हणून.

एक साठीचे गृहस्थ होते, ब्लड प्रेशरसाठी बीटा-ब्लॉकर चालू. दुसरा दिवस. नाडी ७४, प्रेशर उत्तम. सीवा ९. गृहस्थ शांत, हसून बोलत होते. मी समाधानाने नोंद केली, "स्थिर." बीटा-ब्लॉकर नाडीची धाव झाकतो हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या सकाळी मी ते वापरलं नाही. नाडी बघून निर्धास्त झाले.

त्यांची पत्नी दाराशी उभी होती. तिच्याशी मी बोललेच नाही. संध्याकाळी तिचा फोन आला, "हे मला ओळखत नाहीत." दाखल केल्यावर तिने सांगितलं की आदल्या रात्रीच ते चादरीवरून काहीतरी वेचत होते, दोरे गोळा केल्यासारखे. तिला वाटलं झोपेत असेल. तिला सांगायचं होतं, पण कुणी विचारलं नाही.

ते बरे झाले. सहा दिवस लागले. त्यानंतर मी रोजच्या भेटीची सुरुवात पेशंटपासून करतच नाही. आधी घरच्या माणसाला विचारते, "रात्र कशी गेली? हाताने काय करत होते?" नाडी त्यानंतर. आणि तो "स्थिर" शब्द मी आता नोंदवहीत लिहीत नाही. काय पाहिलं ते लिहिते.

---

प्राजू_स्टाफ

ताई, "रात्री हाताने काय करत होते" हे माझ्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

---

मिलिंद७९

मत बदललं असं नाही म्हणणार, पण मित्राला घेऊन जायचं ठरवलंय. डायझेपामही एकदम बंद करायची नसते, हे बरोबर ना?

---

डॉ_मानस

अगदी बरोबर. एकदम बंद केली तर तीच आकडी. ती आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशेबाने उतरवतात. जरूर न्या.

---

रेवा

पुन्हा मी. काल रात्री त्याला हा धागा वाचून दाखवला. कौस्तुभ यांचं लिहिलेलं दोनदा वाचायला लावलं त्याने. मग म्हणाला, "विचार त्यांना, माझं घरी होईल का."

---

वृंदा_सिस्टर

रेवाताई, नाही. त्याचं घरी नको.

मी सगळा धागा घरच्या उपचारांबद्दल लिहिला आणि तुम्हाला नाही म्हणते, याचं वाईट वाटतंय. पण त्याला आधी आकडी येऊन गेलीय. दर वेळी सोडताना मेंदू आधीपेक्षा जास्त बिथरतो, त्यामुळे पुढचं विथड्रॉवल बहुधा मागच्यापेक्षा जड जातं. त्याला दाखल करूनच करायचं. आणि दाखल होईपर्यंत त्याने स्वतःहून एकदम थांबवायचं नाही, हे त्याला आजच सांगा. ऐकायला विचित्र वाटेल, पण बेड मिळेपर्यंत रोजचं प्रमाण एकदम तोडणं हाच धोका आहे.

जाताना एक कागद सोबत न्या. रोज किती आणि कुठली, सकाळी किती वाजता लागते, मागची आकडी शेवटच्या घोटानंतर किती तासांनी आली, चालू असलेली सगळी औषधं, जेवण किती जातं. शेवटचा घोट कधी घेतला ती वेळ निघताना सर्वांत वर लिहा. तिथल्या नर्सच्या हातात द्या. आणि दाखल करतानाच विचारा की सुटल्यावर कुणाला भेटायचं, कोणत्या तारखेला. मागच्या वेळी आठवड्याने घरी आला आणि त्याच संध्याकाळी प्यायला, कारण पुढे कुणीच नव्हतं. नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी तलफ कमी करणारी औषधं असतात, त्याबद्दल डॉक्टरांशी तिथेच बोला. झोप काही आठवडे बिघडलेली राहते, तेही त्याला आधीच माहीत असू दे. नाहीतर दहाव्या रात्री त्याला वाटेल की आपल्याला काही जमलं नाही.

---

कौस्तुभ_ओ

रेवाताई, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. तो दाखल असताना त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मी कधीही मोकळा आहे.

---

रेवा

मंगळवारी दाखल केलं. आज चौथा दिवस. आकडी आली नाही. हात अजून थोडे कापतात.

आत गेल्यावर नर्सने पहिला प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतलीत?" तो माझ्याकडे बघायला लागला. मी कागद पुढे केला. तिने तो वाचला, घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर तास मोजले आणि म्हणाली, "म्हणजे आज रात्री मी तुमच्याजवळच आहे."

वृंदाताई, सुटल्यानंतरची तारीख मी विचारून घेतली आहे. पुढच्या सोमवारी, सकाळी दहा.